रीबूटच्या आधी स्टॅक वाचा

तुमच्या महापेच्या सर्व्हरवर लोड (चालू आणि ताटकळलेल्या प्रोसेसची सरासरी संख्या) ४० च्या वर, सीपीयू जवळपास रिकामा आणि ‘किल -९’ (सक्तीने बंद करायची आज्ञा) देऊनही बॅकअपची प्रोसेस मरत नाही, म्हणून वरच्या उत्तरात रीबूटचा सल्ला आलाय. कृपया इतक्यात करू नका, सगळा पुरावा पुसला जाईल.

लिनक्स लोड मोजताना डी अवस्थेतल्या (बहुधा डिस्कची वाट बघत अडून बसलेल्या) प्रोसेसही धरतं, त्यामुळे आकड्यांत गडबड नाही. खरी माहिती ‘प्रॉक’खाली त्या पीआयडीच्या (प्रोसेस क्रमांकाच्या) ‘स्टॅक’ फाइलमध्ये मिळेल; प्रोसेस कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, नेमकी कुठे थांबली आहे ते त्यात दिसतं. रूट (सर्वाधिकार असलेला युजर) होऊन काही सेकंदांच्या अंतराने दोन-तीनदा वाचा. ओळी बदलत असतील तर काम रखडत का होईना, चालू आहे. तशाच राहिल्या तर अडकलंय.

त्यात ‘बॅलन्स डर्टी पेजेस’ दिसलं, तर डिस्कवर लिहायचा डेटा मेमरीत तुंबल्याने कर्नल प्रोसेसला मुद्दाम थोपवतोय. पण तिथे थांबलेली प्रोसेस ‘किल -९’ला सहसा दाद देते. तुमची देत नाही, म्हणून माझा संशय खालच्या थरावर, म्हणजे फाइलसिस्टिम किंवा डिस्कवर आहे. फाइलसिस्टिम एक्स्ट४ असेल तर ‘जेबीडी२’ थ्रेडचाही (तिचं जर्नल, म्हणजे बदलांची नोंदवही लिहिणाऱ्याचा) स्टॅक बघा. तोच अडकला असेल, तर त्याच्या कमिटसाठी (नोंद पक्की होण्यासाठी) बाकीचे रांगेत उभे असणार. सोबत ‘आयओस्टॅट -एक्स’ (डिस्कचं काम दाखवणारी आज्ञा) लावा. युटिल (डिस्क किती वेळ व्यग्र आहे) १०० टक्के आणि राइट्स शून्य म्हणजे डिस्क किंवा कंट्रोलर उत्तरच देत नाहीये. मग ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) टाइमआउट, रीसेट शोधा.

रीबूट अटळच असेल, तर आधी सिसआरक्यूला (कर्नलला थेट आज्ञा देण्याची सोय) ‘डब्ल्यू’ द्या. अडकलेल्या सगळ्यांचे स्टॅक कर्नल लॉगमध्ये येतात. तो लॉग दुसऱ्या मशीनवर काढून इथे टाका, आपण मिळून बघू.