मदत हवी आहे: सिडनी हार्बरमधले भरती-ओहोटीचे पोहण्याचे पूल आणि आईचे गुडघे

नमस्कार मंडळी. सिडनीत हार्बरच्या काठाने समुद्राच्या पाण्याचे जे पूल आहेत ते एकेक बघून त्यांना गुण देतोय. बाल्मेनचं डॉन फ्रेझर बाथ्स (तिकीट आहे, पण लाकडी जुनं बांधकाम बघूनच पैसे वसूल), डबल बेचा मरे रोझ पूल, क्रेमोर्न पॉइंटचा मॅकॅलम आणि ग्रीनिच झाले.

अडचण अशी की गुण टिकत नाहीत. भरतीला मरे रोझमध्ये फळीवरून मस्त सूर मारता येतो. ओहोटीला तिथेच काठाजवळ पाणी मांडीएवढं, आणि शिडीच्या खालच्या पायऱ्यांवर शेवाळ अन् धारदार कालवं. आता भरतीचं कोष्टक बघूनच निघतो. पाऊस झाला की तीन दिवस हार्बरमध्ये उतरत नाही आणि बीचवॉचचा (पाणी पोहण्याजोगं आहे का ते सांगणारी सरकारी सेवा) अंदाजही बघतो, त्यामुळे पाण्याच्या स्वच्छतेबद्दल विचारत नाहीये.

डिसेंबरमध्ये आई येतेय. पोहता येतं, पण गुडघे दुखतात, उभी शिडी जमणार नाही. गाडी नाही, फेरी किंवा बसनेच जाणार. बाँडाय-कूजीकडचे पूल कृपया सुचवू नका, लाटा नकोत.

वॉटसन्स बे, बाल्मोरल, नॉर्थब्रिज किंवा वुलविचला नेहमी जाणारं कुणी आहे का? ऐन ओहोटीलाही छातीएवढं पाणी आणि कठडा धरून उतरता येईल अशा रुंद पायऱ्या किंवा उतार, हे दोन्ही यांपैकी कुठे मिळेल?