शब्दचर्चा: 'उदासीन' सुपरहिरो म्हणजे रडका का बेफिकीर?

कॉमिक्समधल्या सुपरहिरोंवर एक लेख लिहितोय, म्हणजे ताकद अफाट पण ऐन वेळी बोटही न हलवणारे जे असतात ना त्यांच्यावर, आणि 'ॲपथी'ला शब्द अडलाय. उदासीन लिहिलं की वाटतं बिचारा खिडकीत बसून रडतोय. अनास्था लिहिलं की आधी आपोआप 'प्रशासनाची' लागतं. दुसरं काही आहे का?

—

उदासीनला उगाच बाद करू नका हो. उदास आणि उदासीन आपण बोलताना एकच करून टाकलेत, पण मुळात ते उद् + आसीन, म्हणजे बाजूला, वर जाऊन बसलेला. कौटिल्याच्या राजमंडलात, म्हणजे आजूबाजूचे राजे शत्रू-मित्र कसे असतात त्या मांडणीत, उदासीन राजा असतो बघा, तो बाकीच्या सगळ्यांपेक्षा बलवान, मनात आणलं तर कुणालाही मदत करेल नाहीतर एकेकट्याला चिरडेल, पण भांडणाच्या बाहेर बसलेला. म्हणजे ताकद ही अटच आहे, दुबळ्याला उदासीन म्हणताच येत नाही, तो नुसता लांब असतो! तुमच्या लेखाला याहून नेमका शब्द कुठला मिळणार. गीतेत नवव्या अध्यायात 'उदासीनवदासीनम्' आहे तेही देवाबद्दलच.

—

हे भारीय, पण मग 'वॉचमेन' कॉमिकमधल्या डॉक्टर मॅनहॅटनला, म्हणजे त्या देवाइतकी ताकद असलेल्या निळ्या नायकाला, हा शब्द देणं म्हणजे त्याला फुकट देवपण देणं झालं ना? 'वॉचमेन'मधला (1986-87) व्हिएतनाममधल्या सायगॉनचा प्रसंग आठवा, त्याचा साथीदार कॉमेडियन गरोदर बाईवर गोळी झाडतो आणि हा शेजारी उभा राहून नंतर नुसतं सांगतो की अरे ती गरोदर होती. त्यावर कॉमेडियनच त्याला सुनावतो की तू बंदुकीची वाफ करू शकला असतास, केली नाहीस. खुनी माणूस बरोबर बोलतोय आणि निळा देव गप्प. याला मी बधिर म्हणेन.

—

तटस्थ?

—

तटस्थ म्हणजे तटावर उभा, पाण्यात कोण बुडतंय ते दिसत असतं त्याला. मार्व्हलचा वॉचर उआटू (1963 पासून) अगदी तसा, नुसतं बघायचं, मधे पडायचं नाही अशी शपथ. पण त्याला बेफिकीर म्हणू नका, त्याच्या लोकांनी एका ग्रहाला अणुशक्तीचं ज्ञान दिलं आणि त्या लोकांनी त्यातूनच स्वतःचा नाश करून घेतला, त्यानंतरची शपथ आहे ती. पोळल्यामुळे काठावर गेलेला माणूस. आणि शपथ वारंवार मोडतोही, म्हणजे आस्था आहेच.

—

स्पायडरमॅन कसा विसरलात सगळे? ऑगस्ट 1962, पहिलीच गोष्ट, चोर समोरून पळतोय, पोलीस ओरडतोय अडव त्याला, आणि पीटर सरळ जाऊ देतो कारण आता मी फक्त माझं बघणार. यात बाजूला बसणं, काठ वगैरे काही नाही, साधं 'मला काय त्याचं'. याला आपल्याकडे तयार शब्द आहे, सोयरसुतक नसणं. आणि बघा ना, ज्या चोराचं त्याला सोयरसुतक नव्हतं त्याच चोरामुळे पुढे घरातच सुतक आलं, काका गेले. ('मोठ्या ताकदीबरोबर मोठी जबाबदारी येते' हे वाक्य सगळे काकांच्या तोंडी घालतात, पण त्या गोष्टीत ते शेवटच्या चौकटीतल्या निवेदनात आहे.)

—

मग काकांच्या मरणाला पीटर जबाबदार का? इथे मराठी गोंधळ घालते. 'अपघाताला तो जबाबदार' म्हणजे त्याने घडवला, 'घराची जबाबदारी त्याच्यावर' म्हणजे त्याने सांभाळायचं. पीटरने घडवलं काहीच नाही, चोर अडवणं हे काही त्याला नेमून दिलेलं कामही नव्हतं, तरी तो सुटत नाही. मला वाटतं जबाबदार मधला जबाब धरावा, पोलीस नोंदवतात तो. दोषी नसलास तरी तुला विचारलं जाणार, तू तिथे होतास, तुला जमत होतं, मग?

—

जबाबवालं पटलं, ढापतोय. पीटरला सोयरसुतक, वॉचरला तटस्थ, मॅनहॅटनला उदासीन, आणि ते 'वर बसलेला' पहिल्याच परिच्छेदात समजावून टाकतो, मग रडका वाटणार नाही. देवपण फुकट मिळतं हे मात्र खरं, त्यावर अजून अडलोय. कॉमेडियनला काय लिहू?

—

निर्ढावलेला. त्याला कोश कशाला उघडायला हवा.