मदत हवी आहे: 'मायामी' लोकांबद्दल मराठीत लिहिताना कोणता शब्द वापरू?

नमस्कार मंडळी. मी ओहायोत राहते, रविवारच्या मराठी शाळेत मोठ्या मुलांना शिकवते. मागच्या तासाला एका मुलीने नकाशावर पेन्सिलीने तीन गोल केले आणि विचारलं, "ताई, तिन्ही मायामी एकच का?"

तर नाही. फ्लोरिडातल्या शहराचं नाव ओकीचोबी तळ्याकाठच्या मायाइमी लोकांवरून आलं, ते वेगळे. आमच्याकडची ग्रेट मायामी नदी, १८०९ सालचं मायामी विद्यापीठ आणि ओक्लाहोमातलं मायामी गाव (तिथले लोक 'मायॅमा' म्हणतात) यांची नावं मात्र म्यामिया लोकांची (अमेरिकेतले मूळ रहिवासी, इंग्रजीत 'मायामी'). १८४६ साली सरकारने त्यांना इंडियानातून कालव्यातल्या होड्यांत बसवून पश्चिमेला हलवलं. माणसं गेली, नाव इथेच राहिलं. हे सांगताना माझाच आवाज बसला.

मायामी विद्यापीठाचे खेळाचे संघ 'रेडस्किन्स' (मूळ रहिवाशांसाठीचा अपमानास्पद शब्द) म्हणवत. म्यामियांनी पाठिंबा काढून घेतल्यावर १९९७ मध्ये ते 'रेडहॉक्स' झाले. आज त्याच विद्यापीठातल्या म्यामिया सेंटरमध्ये जुन्या कागदपत्रांवरून त्यांची भाषा पुन्हा उभी राहतेय आणि त्यांची मुलं तिथे शिकतात.

आता मुलांसाठी दोन पानी मराठी पाठ लिहितेय. 'ट्राइब'ला काय म्हणू? 'जमात' मला खटकतं, 'आदिवासी' म्हटलं की मुलांच्या आईवडिलांना वारली-भिल्ल आठवतात. त्यांचं स्वतःचं सरकार आहे, म्हणून 'राष्ट्र' चालेल का? शिवाय नाव 'मायामी' लिहू की त्यांचं स्वतःचं 'म्यामिया'? भाषांतर किंवा मानववंशशास्त्रात काम करणाऱ्यांनी जरूर सांगा, शनिवारपर्यंत पाठ पूर्ण करायचाय.