हॉजकिन लिम्फोमा: गाठीत आपल्याच पेशी एवढ्या, मग त्या लढत का नाहीत?

प्रश्न
धाकट्या भावाला मानेत गाठ आलेली. सुईच्या तपासणीत काही कळलं नाही, टीबी असेल म्हणाले, शेवटी अख्खी गाठ काढून बायॉप्सी केली तेव्हा क्लासिकल हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, निघाला. रिपोर्टमध्ये लिम्फोसाइट, इओसिनोफिल (दोन्ही पांढऱ्या पेशी) भरपूर आणि रीड-स्टर्नबर्ग पेशी मधेमधे विखुरलेल्या असं लिहिलंय. डॉक्टर म्हणाले बहुतेक गाठ त्याच्याच रोगप्रतिकारक पेशींची आहे. मग एवढ्या असून त्या कॅन्सरला मारत का नाहीयेत? दोन रात्री झोप नाही.

उत्तर १
मी पॅथॉलॉजीत काम करते. हॉजकिनमध्ये खऱ्या कॅन्सरच्या पेशी बरेचदा १-२ टक्केच असतात, बाकी टी पेशी, मॅक्रोफेज वगैरे रोगप्रतिकारक पेशी. घुबडाच्या डोळ्यांसारखी दिसणारी ती मोठी रीड-स्टर्नबर्ग पेशी, म्हणजे खरी कॅन्सरची पेशी, स्लाइडवर शोधत बसावं लागतं, सुईने काढलेल्या थेंबभरात ती हुकते, म्हणून पूर्ण गाठ मागतात. ती मूळची बी पेशीच, म्हणजे आपल्याच फौजेतली, बिघडलेली. रसायनं सोडून बाकीच्यांना तीच बोलावून घेते आणि त्यांच्या जिवावर वाढते, वर अंगावर पीडी-एल१ नावाचं प्रोटीन भरपूर बाळगते. टी पेशी जवळ आली की तिच्यावरच्या पीडी-१ या ब्रेकसारख्या प्रोटीनला ते चिकटतं आणि टी पेशी गपगार होते. मेलेली नसते हां, नुसती थांबवलेली.

प्रश्नकर्ता
मग तो ब्रेक काढता येतो का?

उत्तर २
येतो. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधं तेच करतात. ज्या शोधावर हे उभं आहे त्यासाठी होन्जो आणि अ‍ॅलिसन या शास्त्रज्ञांना २०१८ चं नोबेल मिळालं. हॉजकिनसाठी निवोलुमॅबला अमेरिकेत २०१६ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा आजार उलटलेल्यांसाठीच होतं. पण घाबरू नका, माझ्या मिस्टरांना नुसत्या केमोवर, एबीव्हीडी या चार औषधांच्या केमोवर, बरं वाटलं, आता सहा वर्षं झाली. या आजारात बहुतेक जण बरे होतात.

उत्तर ३
आयआयटी मुंबई आणि टाटाच्या कार-टी थेरपीचे (रुग्णाच्याच टी पेशी बाहेर बदलून परत देतात ती) मेसेज नातेवाईक पाठवतीलच. भारतात तिला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, चांगलीच गोष्ट आहे, पण ती सीडी१९ खूण असलेल्या बी पेशींच्या कॅन्सरसाठी आहे आणि रीड-स्टर्नबर्ग पेशींवर ती खूण सहसा नसते. तिथे सीडी३० ही खूण असते, रिपोर्टमध्ये बघा.

प्रश्नकर्ता
हो ताई, सीडी३० पॉझिटिव्ह लिहिलंय! सोमवारी पेट स्कॅन आहे, भावाला हे सगळं आजच वाचून दाखवते, तो मला सारखा विचारतोय की माझं शरीर माझ्यावरच का उलटलं.