रेवदंडा-अलिबाग : १८ फुटी मोटरबोट खाडीत मुरिंगवर ठेवावी, जेटीला बांधावी की ट्रॉलीवर?

पुणेकर_१८फुटी
नमस्कार. फायबरची १८ फुटी उघडी बोट आहे, मागे ६० एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड. राहायला पुण्यात. वापर ऑक्टोबर ते मे, महिन्यातून दोन शनिवार-रविवार. कुंडलिकेच्या खाडीत मुरिंग (तळाला ठोकळा, त्याला साखळी आणि वर तरंगता बोया) टाकायचं, जेटीला बांधायची, की रॅम्पजवळच्या एखाद्या वाडीत ट्रॉलीवर ठेवून दर वेळी ट्रॅक्टरने उतरवायची? प्रत्येकाला काय सामान लागेल आणि पावसाळ्यात काय करायचं, तेही सांगा.

पाऊणपट
जेटीचा विचार आधी सोडा. आपल्याकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं आणि बहुतेक जेट्या पक्क्या काँक्रीटच्या, पाण्याबरोबर वरखाली न होणाऱ्या. दोर आखूड बांधला तर ओहोटीला बोट टांगली जाते आणि क्लीट (बोटीवरचा दोर बांधायचा खुंटा) उपटून येतो. सैल सोडला तर ओहोटीला बोट आत सरकते, चढत्या पाण्यात तिची कड जेटीच्या तुळईखाली अडकते आणि पाणी तिला तिथेच बुडवतं. माणूस सोबत असेल तेव्हा अर्धा तास बांधायला जेटी ठीक, पंधरा दिवस नाही. शिवाय प्रवासी बोटी आणि मच्छीमार तिथे येणार, त्यांची वाट अडवून चालणार नाही.

ट्रॉली की मुरिंग, हे ठरवताना भरतीची वेळ धरा. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे ओहोटी पहाटे पाच-साडेपाचला आणि तशीच संध्याकाळी. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास आणि दुपारी ओहोटी, पण भांगाचं पाणी असल्याने चढउतार जेमतेम दीड-दोन मीटर. रॅम्पवर बोट उतरवायला भरतीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास मिळतो. त्यानंतर रॅम्पचं खालचं टोक उघडं पडतं, ट्रॉलीचं चाक काँक्रीटच्या कडेवरून चिखलात उतरतं आणि मग ट्रॅक्टरही रुततो. तेव्हा तुमचे शनिवार कॅलेंडरवर तिथीप्रमाणे निवडा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सकाळी दहाला उतरवली तर ती संध्याकाळी काढता येत नाही, पुढची भरती रात्री साडेअकराला. अशा वेळी रात्रभर नांगरावर ठेवण्याची तयारी लागते.

दुहेरी_शॅकल
वरचं सगळं बरोबर, पण मुरिंग इतक्यात बाद करू नका. हंगामात दर आठवड्याला वापर असेल तर तेच सोयीचं. महिन्यातून दोनदा असेल तर गावातला कोणी दोन दिवसांआड बघायला हवा, नाहीतर नको.

जागा अशी हवी की उधाणाच्या ओहोटीलाही दीड मीटर पाणी राहील. भरतीला ते सहा मीटर होतं, नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची धरून सात. त्याच्या अडीचपट, म्हणजे साडेसतरा मीटरच्या आसपास एकूण लांबी. तळाला १६ मिमीची ८ मीटर साखळी, तिला स्विव्हल (फिरता जोड), वर १० मिमीची ८ मीटर साखळी बोयापर्यंत, तिथून १६ मिमीचा नायलॉन दोर. हा दोर नाळेच्या फटीत घासतो. तिथे फूटभर जाड रबरी नळी चढवा, नाहीतर सगळी साखळी शाबूत आणि बोट किनाऱ्यावर, असं होतं. काँक्रीटचा ठोकळा पाण्यात चाळीस टक्क्यांच्या वर वजन गमावतो. ३०० किलोचा जेमतेम १७० किलोचा उरतो. म्हणून ५०० किलोच्या खाली जाऊ नका आणि तो चिखलात बसू द्या. शॅकलची (साखळ्या जोडायच्या कडीची) पिन जस्त चढवलेल्या जीआय तारेने बांधा. स्टेनलेस तार लावली तर तिच्या लगतचं जस्त आधी खाल्लं जातं.

ओहोटीला साखळी सैल पडते, तेव्हा बोट जवळजवळ २३ मीटरच्या त्रिज्येत फिरते. शेजारच्या होडीपासून तेवढं अंतर हवं. साळावकडे जाणाऱ्या बार्जच्या वाटेपासूनही लांब राहा. ठोकळा टाकण्यापूर्वी बंदर निरीक्षकांना आणि मच्छीमार सोसायटीला विचारा. जाळी कुठे लागतात ते सोसायटीलाच ठाऊक.

पुणेकर_१८फुटी
दोन दिवसांआड बघणारं कोणी नाही. मुरिंगवर नक्की काय बिघडतं, पाऊस तर जूनपर्यंत नसतो ना?

दुहेरी_शॅकल
ऑक्टोबरच्या परतीच्या पावसाला विसरू नका. तुमच्या बोटीचं वरून दिसणारं क्षेत्र साधारण ११ चौरस मीटर. १०० मिमी पाऊस पडला तर ११०० लिटर, म्हणजे एक टनाहून जास्त पाणी आत. पाणी चढलं की फ्लोट स्विचने आपोआप सुरू होणारा बिल्ज (बोटीच्या तळाचा) पंप ते तासा-दोन तासांत उपसतो, पण सतत झिरपणारी एखादी फट असेल तर ६० एएचची बॅटरी काही दिवसांत संपते आणि मग बोट गुपचूप तळाला बसते. पंपाची बॅटरी इंजिनच्या बॅटरीहून वेगळी ठेवा, वर २० वॉटचं सोलर पॅनल.

बुडाला अँटिफाउलिंगचे (समुद्री जीव चिकटू न देणाऱ्या रंगाचे) दोन हात लागतात. नाहीतर आपल्या कोमट पाण्यात पंधरा-वीस दिवसांत बार्नॅकल (टणक कवचाचे जीव) बसतात आणि वेग उतरतो. इंजिनच्या पायाला (पाण्यात राहणाऱ्या खालच्या भागाला) मात्र तांब्याचा रंग लावू नका, ॲल्युमिनियम गळतं. पाय पूर्ण वर उचला, टिल्टचा खटका लावा, हायड्रॉलिकच्या भरवशावर सोडू नका.

झावळी
मग तुमच्यासाठी ट्रॉलीच. खार लागलेल्या ट्रॉलीत पहिलं जातं ते बेअरिंग. लांबून ओढून आणल्यावर हब (चाकाचा मधला भाग) गरम असतो. तसाच पाण्यात घातला तर आतली हवा आकसते आणि खारं पाणी सीलमधून आत ओढलं जातं. हाताला गार लागेपर्यंत, अर्धा तास तरी, थांबा. पाण्यातून काढल्यावर गोड्या पाण्याने धुऊन ग्रीस भरा. इंजिन उभं ठेवून मफ (पाण्याच्या नळीला जोडून पायाला बसवायचे रबरी कप) लावून दहा-पंधरा मिनिटं गोड्या पाण्यावर चालवा. रस्त्यावर ओढायची ट्रॉली कायद्याने मोटार वाहनातच मोडते, आरटीओची वेगळी नोंद लागते. ती टाळायची तर पुण्याहून घाटातून ओढण्यापेक्षा रॅम्पलगतच जागा घ्या.

वाडीत जागा बघताना वर बघा. माडाखाली बोट ठेवू नका. नारळ आणि झावळी दोन्ही फायबरला तडा देतात. ट्रान्समचं (मागच्या सपाट भागाचं) बूच काढून नाळ वर उचलून ठेवा, म्हणजे पाणी मागून निघून जातं. बूच खिशात नको, सुकाणूच्या चाकाला बांधा; बूच न लावता उतरवलेली बोट पाच मिनिटांत जड होते.

पावसाळ्यासाठी बोट मेच्या पहिल्या पंधरवड्यातच शाकारा. मच्छीमारीची बंदी १ जूनपासून, त्यामुळे महिनाअखेर ट्रॅक्टर मिळत नाही. वादळं त्याच्या आधी किंवा लगेच नंतरही येतात: २०२१ चं तौक्ते मेच्या मध्याला गेलं आणि निसर्ग ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. ट्रॉलीची चाकं जॅकवर, बोट पट्ट्यांनी जमिनीतल्या खुंट्यांना बांधलेली. ताडपत्री बोटीला चिकटू देऊ नका. मधे बांबूचं आढं घालून दोन्ही बाजूंना उतार द्या आणि टोकं उघडी ठेवा, नाहीतर आत बुरशी. टाकीतलं पेट्रोल गाडीत रिकामं करा. त्यातलं इथेनॉल ओलावा ओढतं आणि चार महिन्यांत तळाशी पाणी जमतं. इंधनाच्या नळ्या उंदीर कुरतडतात, त्या काढून घरी न्या. नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा उतरवाल तेव्हा आधी फक्त ट्रॉलीवरच बोट पाण्यात घाला, दहा मिनिटं बिल्ज बघा आणि मगच पट्टा सोडा.