मदत हवी आहे : आईचा मोबाईल काढून घेववेना, हातात ठेववेना

नमस्कार मंडळी,

मी लातूरला घरूनच काम करतो. आई ७१ वर्षांची. दिवाळीनंतर तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून गुरुवारचं भजन बंद, समोरच्या ओट्यावर बसणं बंद. करमत नाही म्हणून भावानं स्मार्टफोन पाठवला.

सुरुवात झकास झाली. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्याकडं शेतात मिसळ भाज्यांची भज्जी करून नेतात. तिथून व्हिडिओ कॉल लावला तर म्हणाली, माझ्याकडं काय दाखवतोस, फोन भज्जीकडं धर. बघितलं आणि म्हणाली, "पातळ झाली रे. कुणी केली?" सगळे हसले. तीही खूप दिवसांनी हसली.

मग ग्रुप वाढत गेले. आज २३ आहेत. माहेरचेच दोन, एक भांडणाआधीचा आणि एक नंतरचा. सूर्योदय, फुलं, मधुमेहावरचे रामबाण उपाय. रात्री साडेअकराला रील्स, सकाळी डोळे चुरचुरतात. दिवसभर फोन हातात असतो, पण आज कुणाशी बोललीस विचारलं की, "कुणाशीच नाही. नुस्ते फोटो यायलेत."

परवा व्हॉट्सॲपवर पोलिसाच्या वेशातल्या माणसाचा व्हिडिओ कॉल आला. तुमच्या नावाचं पार्सल पकडलंय, घरात कुणाला सांगू नका. पैसे गेले नाहीत, कारण तिला यूपीआय येतच नाही. मला दोन दिवसांनी जेवताना कळलं. मी पलीकडच्याच खोलीत होतो. "तुझी मिटिंग चालू होती ना," म्हणाली.

तेवढ्यात जे सुचलं ते केलं. प्रायव्हसीत जाऊन ग्रुपमध्ये टाकण्याचा अधिकार फक्त ओळखीच्या नंबरांना ठेवला, फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद केलं, पाच सोडून सगळे ग्रुप अर्काइव्ह केले. ते तिला विचारून केले. न विचारता केलं असतं तर दोन दिवस अबोला ठरलेला.

अडलंय ते इथं :

भजनी मंडळात सात जणी, चौघींकडं बटणाचे फोन. बाकीच्या तिघींचा व्हिडिओ कॉल जुळवून दिला, पण आवाज मागंपुढं पोचतो, टाळ एकमेकींवर आदळतात. आई म्हणाली, "हे भजन आहे का गलबला?" यावर काही तोड आहे का?

दुसरं, अनोळखी कॉल गप्प करायची सोय आहे म्हणतात. ती चालू केली तर फिजिओथेरपीवाल्यांचा फोन चुकेल का?

भाऊ म्हणतो साधा फोन दे परत. मला पटत नाही. पुण्याची नात तिला रोज पडलेला दात दाखवते, ते साध्या फोनवर कसं दिसणार?

प्रतिसाद १
व्हॉट्सॲप सोडा, साधा कॉल लावा. एकीला लावला की 'ॲड कॉल' करून दुसरीला, मग 'मर्ज'. बहुतेक फोनवर पाचेक जणी जोडता येतात. बटणाच्या फोनवाल्यांना नुसता उचलायचा असतो. एकत्र म्हणायचा हट्ट मात्र सोडा, फोनवर ते जमत नाही. एकीनं म्हणायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. टाळ फक्त म्हणणारीनं धरायचा.

प्रतिसाद २
'सायलेन्स अननोन कॉलर्स' फक्त व्हॉट्सॲपच्या कॉलला लागू असतं, फिजिओवाले साध्या कॉलवर येतीलच. बिनधास्त चालू करा. आणि आईंना एवढं पाठ करून द्या : व्हिडिओ कॉलवर अटक होत नाही, डिजिटल अरेस्ट नावाचं काही कायद्यात नाही. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा. तो नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवा, फोनमध्ये सेव्ह करून ऐन वेळी सापडत नाही. राग मानू नका, पण मिटिंगमध्ये दार उघडं ठेवलं तर कंपनी बुडणार आहे का?

धागाकर्ता
राग नाही. कालपासून दार उघडं आहे. साहेबांना आईचा खोकला ऐकू गेला, त्यांनी तब्येत विचारली.

गुरुवारी मर्ज करून पाच जणी जुळल्या. गवळण एकच झाली, बाकी पाऊण तास सुनांचा विषय. शेवटी एका काकूंनी फोन ठेवलाच नाही. मी बघायला गेलो तर आई फोन कानाला लावून त्यांच्या कुकरच्या शिट्ट्या मोजत बसलेली. "थांब, तिसरी व्हायलीय," म्हणाली.

रात्रीच्या रील्सचं मात्र जैसे थे. त्यावर कुणाला काही सुचलं तर सांगा.