‘द बिग अनईझी’ : माहितीपट रूक्ष, की आपल्यालाच रडायची सवय?

नदीकाठ : अमेरिकी विनोदी अभिनेता हॅरी शिअररचा ‘द बिग अनईझी’ (२०१०) हा माहितीपट काल पुन्हा पाहिला. विषय अमेरिकेतलं न्यू ऑर्लीन्स शहर, २९ ऑगस्ट २००५, कतरिना चक्रीवादळ. समीक्षकांची तक्रार होती की माहिती ठासून भरलीय, पण सिनेमा कोरडा, तज्ज्ञ नुसते बोलत बसतात. मला ती आजही पटत नाही. शहराचा सुमारे ८० टक्के भाग बुडाला तो मुख्यतः आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्सने (अमेरिकी लष्कराचं बांधकाम खातं) बांधलेल्या भिंती आणि बांध फुटल्यामुळे, एवढं त्याला दाखवायचंय. तिथे व्हायोलिन कशाला?

बिनपाण्याचा : व्हायोलिन नको हो, माणसं तरी? याच पुरावरचा स्पाइक लीचा माहितीपट ‘व्हेन द लेव्हीज ब्रोक’ (२००६) चार तासांचा, तरी जागचं उठवत नाही. इथे अर्ध्या तासात घड्याळ बघितलं. छपरांवर अडकलेल्या गरीब काळ्या लोकांबद्दलही शिअरर जवळजवळ गप्पच.

नदीकाठ : मुद्दाम गप्प. सेव्हन्टीन्थ स्ट्रीट कालव्याची भिंत गेली तेव्हा लेकव्ह्यू बुडालं. ती खाऊनपिऊन सुखी गोऱ्यांची वस्ती. म्हणजे भिंत फुटली ती फक्त गरीब काळ्यांवर नाही.

बिनपाण्याचा : असेल. पण गाडी काढून वेळेत बाहेर कोण पडू शकलं, तेही बघा की.

मुरूम-माती : मी स्थापत्यवाला. तांत्रिक भाग चोख आहे. त्या कालव्यात पाणी भिंतीच्या माथ्याला पोचण्याआधीच भिंत सरकली. खाली मऊ माती, आणि शीट पाइल (भिंतीखाली जमिनीत ठोकायचे पोलादी पत्रे) पुरेसे खोल ठोकलेले नाहीत. माझा आक्षेप वेगळा. आराखडा चुकला हे खुद्द कोअरनेच जून २००६ मध्ये कबूल केलं होतं. मग २०१० मध्ये गुपित फोडल्याचा आव कशाला?

नदीकाठ : कबूल केलं, पण भरपाईचं काय? १९२८च्या पूरनियंत्रण कायद्याने सरकारवर दावाच चालत नाही. कोअरनेच खणलेल्या मिसिसिपी-गल्फ जहाजमार्गाच्या (समुद्राकडे जाणारा कालवा) खटल्यात २००९ मध्ये न्यायाधीशांनी कोअरला जबाबदार धरलं, २०१२ मध्ये अपिलात तेही उलटलं. आणि कोअरकडे बोट दाखवणाऱ्या संशोधक आयव्हर व्हॅन हीर्डनची विद्यापीठातली नोकरी गेली. पंपांमधले दोष आतूनच उघड करणारी मारिया गार्झिनो तर कोअरचीच इंजिनिअर. हे लोक वारंवार दाखवावेच लागतात.

मुरूम-माती : दाखवा ना. पण नायक-खलनायक करून टाकलं की माझ्यासारख्याला उलट शंका येते.

शनिवारपेठी : मध्येच बोलते. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. धरण पुरं व्हायच्या आधीच पाणी साठवलेलं. पण आजी जन्मभर ‘पूर आला’ असंच म्हणायची, ‘धरण फुटलं’ असं क्वचितच. शिअररचं भांडण नेमकं याच शब्दाशी आहे, म्हणून मला तो कोरडा वाटला नाही.

बिनपाण्याचा : पटलं. पण तुमची आजी दोन मिनिटं बोलली असती, तर शिअररच्या दीड तासाला भारी पडली असती. माझं म्हणणं तेवढंच होतं.